कोरडवाहूची पोथी

श्रावणात आमच्याकडे पोथी लागते. एक जण वाचतो, दुसरा अर्थ सांगतो, आणि ऐकणारे अर्थ सांगणाऱ्याला मध्येच अडवून आपापला अर्थ घुसडतात. हरिविजय असो की पांडवप्रताप, रीत हीच. एकट्याने मनातल्या मनात धर्मग्रंथ वाचणारा माणूस जिंतूरच्या बाजूला जरा संशयास्पदच वाटतो. म्हणून ज्यूंचा प्राचीन धर्मग्रंथ, ज्याला ख्रिस्ती मंडळी जुना करार म्हणतात, मराठीतून पहिल्यांदा वाचायला घेतला तेव्हा मी तो मोठ्याने वाचला. अर्थ सांगायला अण्णा होतेच. अण्णा म्हणजे माझे वडील. हवामान खातं, पंचांग आणि पुढारी या तिघांच्याही भविष्यावर त्यांचा सारखाच अविश्वास.

सुरुवात वेगाने झाली. सृष्टी निर्माण झाली, भावाने भावाला मारलं, मग चाळीस दिवस चाळीस रात्री पाऊस पडला. "इथं चाळीस मिनिटं पडंना," अण्णा म्हणाले. वंशावळ्या मी गाळल्या. यज्ञाच्या विधींना, कोणत्या पशूची चरबी कुठे जाळायची याला, अण्णांचा डोळा लागला आणि मलाही त्यांना उठवावंसं वाटलं नाही. ज्यूंच्या मोजणीत चोवीस आणि प्रोटेस्टंट ख्रिस्ती मोजणीत एकोणचाळीस पुस्तकं भरणारा हा ग्रंथ काही एका बैठकीत लिहिलेला नाही. शेकडो वर्षांत, अनेक हातांनी तो तयार झाला, आणि त्यातल्या काही हातांना आपण ऐकणाऱ्याला झोप आणतो आहोत याची फिकीर नव्हती.

अण्णा उठून बसले ते 'अनुवाद' या पाचव्या पुस्तकाच्या अकराव्या अध्यायाला. मिसरातून सुटलेल्या लोकांना मोशे यार्देन नदीच्या अलीकडे थांबवून सांगतो आहे, की तुम्ही जिथे चाललात तो मुलूख मिसरासारखा नाही. तिथे तुम्ही बी पेरून भाजीच्या वाफ्यासारखं पायाने पाणी देत होता. इथे डोंगर आहेत, दऱ्या आहेत, आणि जमीन वरून पडेल तेवढंच पाणी पिते.

"मंग हे कोरडवाहूच की," अण्णा म्हणाले.

पायाने पाणी देणं म्हणजे काय, यावर विद्वानांमध्ये वाद आहे. कुणी म्हणतं पायाने चालवायचं एखादं यंत्र असावं, कुणी म्हणतं चारीतली माती पायाने सारून पाणी वळवणं असावं. अण्णांच्या लेखी हा वादच नव्हता. "दारं धरणं हे. पायानंच माती लोटावी लागती, फावडं दर बारी कुठं हाती असतं?" मिसर म्हणजे नाईलकाठचं बागायत. आमच्या परभणी जिल्ह्यातही असा मिसर आहे. जायकवाडीचा डावा कालवा पाथरी-मानवतकडून येतो, आणि कालव्याखालच्या गावात मुलगी द्यायला लोक पटकन तयार होतात. आमच्या तालुक्यात तर येलदरीचं अख्खं धरण आहे. पूर्णेचं पाणी आमच्याकडे अडतं आणि वसमतकडे भिजवायला जातं. धरणाच्या भिंतीजवळ राहून कोरडवाहू असणं हा आमचा वेगळाच मान.

मोशे या लोकांना बागायत सोडून कोरडवाहूकडे नेतो आहे, आणि वर ते जास्त चांगलं आहे असं सांगतो आहे. अण्णांना हे पटेना. मलाही पहिल्या वाचनात तो पुढाऱ्याचा बोलबच्चनपणा वाटला. मोशेने दिलेलं कारण असं, की या जमिनीवर देवाची नजर वर्षाच्या सुरुवातीपासून शेवटापर्यंत असते. सुरुवातीचा पाऊस आणि शेवटचा पाऊस तो वेळेवर पाडेल, मग धान्य, द्राक्षरस, तेल घरात येईल आणि गुरांना गवत मिळेल. आमच्या दोन पावसांना मृगाचा आणि परतीचा म्हणतात. त्यांचा पहिला पाऊस आपल्या दिवाळीच्या आसपास येतो आणि शेवटचा चैत्राकडे, म्हणजे अख्खा पावसाळाच हिवाळ्यातला. यरुशलेमला वर्षाला साडेपाचशे मिलिमीटरच्या आसपास पाऊस होतो, परभणीत आठ-नऊशे. मात्र आमच्या रब्बीच्या ज्वारीला त्यांची गोष्ट चटकन कळावी. ती सगळी जमिनीत मुरलेल्या ओलीवर आणि दवावर निघते. दव या ग्रंथात जागोजाग आशीर्वाद म्हणून येतं, ते उगाच नाही.

त्याच मुलखात, १९०८ मध्ये गेझेर इथल्या उत्खननात तळहाताएवढा एक चुनखडीचा तुकडा सापडला. इसवी सनापूर्वी दहाव्या शतकाच्या आसपासचा, आणि प्राचीन हिब्रू वा तिच्या जवळच्या लिपीतल्या जुन्यात जुन्या लेखांपैकी एक. त्यावर ना राजाचं नाव, ना देवाचं. दोन महिने गोळा करायचे, दोन पेरणीचे, दोन उशिराच्या पेरणीचे, एक जवस कापायचा, एक जव काढायचा, अशी वर्षाची यादी आहे. बहुधा एखाद्या शिकाऊ मुलाने गिरवलेली असावी असं मानतात. जिथल्या मुलाला अक्षरं गिरवायला पेरणी-काढणीची यादी देतात, तिथला देव पावसाविषयी बोलणार यात नवल नाही.

मराठी माणसांनी हा पावसाचा उतारा वाचायची ही पहिली वेळ अर्थातच नव्हे. कोकणातले बेने इस्राएल, गावोगावचे शनवार तेली, घाणा चालवणारे आणि शनिवारी तो बंद ठेवणारे ज्यू, आपल्या धर्मातलं फार थोडं सांभाळून राहिले होते. परंपरा सांगते, की हिब्रू प्रार्थनांपैकी त्यांच्या ओठी उरली होती ती 'शेमा'ची एकच ओळ. त्याच शेमाचा दुसरा परिच्छेद म्हणजे अनुवादाच्या अकराव्या अध्यायातला हा पाऊस. रोज सकाळ-संध्याकाळ म्हणायचा. तो त्यांच्याकडे परत आला तो मुख्यतः एकोणिसाव्या शतकात, मराठीतल्या छापील जुन्या कराराबरोबर आणि हिब्रूच्या शिकवणीबरोबर. जॉन विल्सन या स्कॉटिश मिशनऱ्याने १८३२ मध्ये त्यांच्यासाठी मराठीतून हिब्रू व्याकरण छापलं. धर्मांतर व्हावं हा हेतू होता. बेने इस्राएलांनी व्याकरण घेतलं, धर्म स्वतःचाच ठेवला. पुढे १८८० च्या सुमारास त्यांनी अब्राहाम-मोशेच्या कथांवर मराठीत चक्क कीर्तनं सुरू केली. म्हणजे ग्रंथ कानाने वाचायचा, हा आमचाच खाक्या.

मला गंमत वाटते ती कोकणात उभं राहून हा उतारा म्हणण्याची. अलिबागला वर्षाला दोन हजार मिलिमीटरहून जास्त पाऊस. पाऊस वेळेवर येवो, आभाळ बंद न होवो, ही काळजी कुठली तर दूरच्या एका कोरड्या डोंगराळ मुलखाची, आणि म्हणणारा बसलेला गळत्या कौलाखाली. ज्यूंच्या प्रार्थनाक्रमात पावसाची खास विनवणी येते ती ऑक्टोबरच्या सुमारास, जेव्हा कोकणात भात कापायला आलेलं असतं आणि पाऊस आता आवरावा असं सगळ्यांना वाटत असतं. बेने इस्राएलांनी आपला सोपा मार्ग काढला होता: त्याच दिवसांत नव्या धान्याची खीर करायची. त्या सणाला नावही खिरीचा सण. त्यांचा लाडका संदेष्टा एलीया, ज्याच्या नावाने पोहे-गूळ-खोबऱ्याचा मलिदा करतात. अलिबागजवळ खंडाळ्याला खडकावर त्याच्या घोड्याची टाप उमटली आहे अशी श्रद्धा आहे. हा एलीया म्हणजे राजाच्या तोंडावर दुष्काळ जाहीर करणारा, आणि तिसऱ्या वर्षी समुद्रावर तळहाताएवढा ढग दिसेपर्यंत डोंगरावर डोकं गुडघ्यात घालून बसणारा माणूस. पश्चिमेच्या समुद्रावरून येणाऱ्या ढगाची वाट पाहणं कोकणाला निराळं शिकवावं लागलं नसणार. १९४८ नंतर यातले बहुतेक लोक इस्राएलला गेले आणि अनेक जण बेरशेबा-दिमोनाच्या वाळवंटी भागात वसले. बेरशेबाला पाऊस जेमतेम दोनशे मिलिमीटर. तिथे मात्र त्या परिच्छेदाचा अर्थ लागायला वेळ लागला नसेल.

या उताऱ्याची दुसरी मराठी वाचक पंडिता रमाबाई. तिचे आईवडील १८७० च्या दशकातल्या दुष्काळात अन्नान्न करत गेले. पुढे १८९६-९७ आणि १९०० च्या दुष्काळांत तिने मध्य प्रांतातून आणि गुजरातेतून मुलींना केडगावला आणलं. उतारवयात हिब्रू आणि ग्रीक शिकून तिने संपूर्ण बायबलाचं सोप्या मराठीत भाषांतर केलं. ५ एप्रिल १९२२ ला ती गेली तोपर्यंत काम होत आलं होतं, आणि १९२४ मध्ये ते प्रकाशित झालं. तिच्या केडगावच्या मुक्ती सदनातल्या छापखान्यात खिळे जुळवणाऱ्या बायकामुलीच होत्या. आज्ञा पाळलीत तर पाऊस, नाही पाळलीत तर आभाळ बंद: हे वाक्य खिळ्या-खिळ्याने जुळवताना दुष्काळातून उचलून आणलेल्या एखाद्या मुलीला काय वाटलं असेल, याची नोंद कुणी ठेवलेली नाही.

कारण त्या उताऱ्याची दुसरी बाजू हीच आहे. वेळेवरच्या पावसाला अट आहे. तुम्ही दुसऱ्या देवांकडे वळलात तर आभाळ मिटेल, जमीन पिकणार नाही आणि तुम्ही या चांगल्या देशातून लवकरच नाहीसे व्हाल. पुढे याच पुस्तकात शाप येतात, त्यांत आभाळाचा आणि भुईचा धातू होतो. मी हे वाचत असताना अण्णा गप्प होते. त्यांना हे नवीन नव्हतं. पाप वाढलं म्हणून पाऊस नाही, हे आमच्या पारावर दर खंडाच्या वेळी कुणीतरी म्हणतंच.

"बहात्तरला पाप कोणी केलतं?" त्यांनी विचारलं. "आमी?"

बहात्तरच्या दुष्काळात ते विशीच्या आत-बाहेर होते. दुष्काळी कामावर खडी फोडली, अमेरिकेतून आलेल्या लाल मिलोच्या भाकरी खाल्ल्या. त्या भाकरीची चव ते अजून तोंड वाकडं करून सांगतात. पापाच्या जागी त्यांना फक्त खडी आठवते.

हा ग्रंथ मला आवडू लागला तो या प्रश्नापाशी, कारण तो प्रश्न ग्रंथालाही पडलेला आहे. आमोस हा तकोवा गावचा मेंढपाळ. त्याच्या पुस्तकात देव सांगतो, की एका गावावर मी पाऊस पाडला, दुसऱ्यावर नाही. एक शेत भिजलं, शेजारचं करपलं. आमोसाच्या लेखी हा इशारा आहे. अण्णांच्या लेखी हे निव्वळ निरीक्षण. "बैलाच्या एका शिंगावर पडतो अन् दुसरं कोरडं ठिवतो. बांधाच्या अलीकडं मी पापी अन् पलीकडं गण्या पुण्यवान? गण्याला मी वळखतो." आमोसाची पुढची बाजू मात्र त्यांना मनापासून पटली: माप लहान करणारे, खोटा तराजू धरणारे, धान्यात भुसा मिसळून विकणारे. मोंढ्यात कापूस-सोयाबीन घातलेल्या माणसाला हे समजावून सांगावं लागत नाही. पण याच माणसांच्या वावरात पाऊस पडत नाही असं काही अण्णांनी पाहिलेलं नव्हतं.

मध्ये पंचमीला ताई माहेरी आली होती, तेव्हा तिच्यासाठी रूथची गोष्ट वाचली. दुष्काळात गाव सोडलेलं घर, परमुलखात वारलेले कर्ते पुरुष, आणि मागे उरलेल्या सासू-सून. सून परक्या गावात कापणीमागे सरवा वेचायला जाते. शेताचे कोपरे कापू नयेत, पडलेली कणसं परत उचलू नयेत, ती गरिबांसाठी, विधवांसाठी, परक्यांसाठी राहू द्यावीत, हा मोशेचा कायदाच आहे. मळणीच्या बैलाला मुसकं घालू नये, हाही. दुपारच्या भाकरीला शेताचा मालक तिला भाजलेले दाणे देतो, त्याला हुरडाच म्हणायचं. ताई म्हणाली, "आता हार्वेस्टर कोपरा ठिवत असतंय व्हय?" खळं गेलं, तिवडा गेला, उपणायची वावडी गेली. सोयाबीन मळणीयंत्रातून थेट पोत्यात. वेचायला मागे काही राहत नाही, आणि ऊसतोडीला गेलेल्या गावात वेचणारंही कुणी राहत नाही.

मग ईयोब आला, आणि पोथी बरेच दिवस तिथेच थांबली.

ईयोब हा नीट वागणारा, भरल्या घरचा माणूस. एका दिवसात त्याची गुरंढोरं आणि लेकरं जातात, मग अंगभर फोड येतात. तीन मित्र येतात, सात दिवस त्याच्याजवळ जमिनीवर मुकाट बसून राहतात. हे त्यांनी केलेलं सर्वांत चांगलं काम. मग ईयोब तोंड उघडतो आणि तेही बोलू लागतात, आणि त्या बोलण्याचा मथितार्थ एवढाच, की काहीतरी केलं असशील. शेतकऱ्याने आत्महत्या केली की आमच्याकडे घरी माणसं येतात आणि पुढे समिती बसते. कर्ज कुणाचं होतं, सात-बारा कुणाच्या नावावर, दारू प्यायचा का, मुलीच्या लग्नात किती घातले. एक लाखाच्या मदतीसाठी मेलेला माणूस पात्र की अपात्र ते ठरतं. अलीफज, बिल्दद आणि सोफर या तीन मित्रांचं बोलणं ऐकताना मला त्या तपासणीच्या फॉर्मची आठवण झाली. ईयोब मात्र अपात्र ठरायला तयार नाही. तो देवाला कोर्टात ओढू पाहतो: आरोपपत्र दाखव, पंच नेम, समोर ये.

अण्णांना हे भांडण परकं वाटलं नाही. जनाबाई आमच्याच जिल्ह्यातली, गंगाखेडची. विठ्ठलाला तिने घातलेल्या शिव्या आमच्याकडच्या बायका देवळात गातात. शिवाय पाऊस लांबला की महादेवाच्या गाभाऱ्यात पाणी भरून पिंड बुडवायची, देव कोंडून धरायचा, ही रीत अण्णांनी स्वतः केलेली. नंतरच्या ज्यू परंपरेत होनी नावाचा माणूस आहे. त्याने जमिनीवर वर्तुळ आखलं, आत उभा राहिला आणि पाऊस पडल्याशिवाय हलणार नाही अशी शपथ घेतली. रिमझिम आली तर म्हणाला, हा नको. धो धो आला तर म्हणाला, हाही नको, बेताचा पाड. मिश्ना या ज्यूंच्या जुन्या नियमसंग्रहात ही गोष्ट दुष्काळातल्या उपासांच्या नियमांबरोबर नोंदलेली आहे. अण्णा खूश. पण जनी आणि ईयोब यांत मोठा फरक आहे. जनीचा विठ्ठल तिच्याबरोबर जात्याला हात लावतो. ईयोबाचा देव वादळातून बोलतो आणि उत्तर देण्याऐवजी स्वतःच प्रश्न विचारत सुटतो: पृथ्वीचा पाया घातला तेव्हा तू कुठे होतास?

त्या प्रश्नांच्या झोडीत, अडतिसाव्या अध्यायात, पाऊस आहे. देव विचारतो, की जिथे माणूसच नाही अशा ओसाड रानावर पाऊस कोण पाडतो, तिथली तहानलेली माती भिजवून गवत कोण उगवून आणतो?

अनुवादातला पाऊस मजुरीसारखा होता: काम करा, दाम घ्या. इथे कुणीही नसलेल्या जागेवर पाऊस पडतो आहे. तिथे आज्ञा पाळणारा कुणी नाही, मोडणारा नाही, पेरणाराही नाही. म्हणजे न पडलेला पाऊस हा दंड नव्हता, आणि पडलेला बक्षीस नव्हता. दुष्काळी भागातल्या माणसाला हे ऐकून बरं वाटावं की वाईट, हे मला अजून ठरवता येत नाही. आपल्यावर कुणाची नजर नाही, हे कठोर आहे. पण बहात्तरला खडी फोडणाऱ्यांच्या डोक्यावरून पापाचं ओझं त्यानेच उतरतं. अण्णा एवढंच म्हणाले, "वावरात पडायचं सोडून समुद्रात पडतो, ते दिसतंयच की." आणि शेवटी देव अलीफजला सुनावतो, की तुम्ही माझ्याविषयी खरं बोलला नाहीत, ईयोब बोलला. देवाची बाजू घेणारे चुकले आणि देवाशी भांडणारा बरोबर ठरला, असं स्वतःच लिहून ठेवणारा धर्मग्रंथ मी तरी दुसरा वाचलेला नाही.

ज्यूंमधल्या सुधारक पंथाने आपल्या अनेक प्रार्थनापुस्तकांतून शेमाचा तो पावसाचा परिच्छेद काढून टाकला. वागणुकीनुसार पाऊस, हे त्यांना म्हणवेना. मला विचारलं तर तो ठेवावा. हल्ली काही जण त्याचा नवा अर्थ लावतात: माणूस नीट वागला नाही तर हवामान बिघडतं, हे खरंच ठरलं ना? अर्धं खरं आहे. धूर कुणी सोडला आणि पेरणी कुणाची मोडली, याचा हिशेब मांडला की पुन्हा आमोसाची दोन शेतं समोर येतात, करपलेलं शेत पुन्हा भलत्याचंच असतं, आणि पुन्हा ईयोब लागतो. दोन्ही पानं एकाच पोथीत असावीत. पारावर एक म्हणतो पाप वाढलं, दुसरा म्हणतो गप रे. पार दोघांचा असतो.

ईयोबाचा शेवट वाचायला पंचमीला आलेली ताई अजून थांबलेली होती. कविता संपते, साधं गद्य पुन्हा सुरू होतं, आणि ईयोबाला सगळं दुपटीने परत मिळतं. बैलांच्या पाचशे जोड्या होत्या, आता हजार.

"विमा मंजूर झाला म्हणायचा," अण्णा म्हणाले. मग जरा थांबून, "अन् लेकरं?"

लेकरं पहिल्याइतकीच, सात मुलगे आणि तीन मुली. जनावरं दुप्पट करणाऱ्या लेखणीने लेकरांचा आकडा तसाच ठेवला आहे. मुलग्यांची नावं दिलेली नाहीत. मुलींची दिली आहेत: यमीमा, कसीया, केरेन-हप्पूक. आणि पुढे लिहिलं आहे, की बापाने त्यांना त्यांच्या भावांबरोबर वारसा दिला.

"वारसा म्हंजे? जमिनीत?" अण्णांनी विचारलं.

स्वयंपाकघरातून ताईचा आवाज आला, "भाऊ, तेवढं परत वाच. जरा मोठ्यानं."